मतदार नोंदणीची जाहिरात दिसली? पैसे कोणी दिले ते असं शोधा

माझा मामेभाऊ इंदापूर तालुक्यात, भिगवणला राहतो. 2024 च्या लोकसभेआधी तो अठरा वर्षांचा झाला आणि त्याच्या फोनवर ‘नाव नोंदवलं का?’ छाप जाहिराती, मेसेज, रील्स यांचा नुसता पाऊस सुरू झाला. बारामती मतदारसंघ, त्यात पवार विरुद्ध पवार, मग काय विचारता! एके दिवशी त्याने स्क्रीनशॉट पाठवला: "दादा, हे आयोगाचं आहे का पक्षाचं? याचे पैसे कोण देतं?"

मी बारामतीत इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात रोज कोड लिहितो, पण उत्तर लगेच देता आलं नाही. शोधायला बसलो तेव्हा आपल्याच राज्यातलं एक प्रकरण आठवलं.

ऑक्टोबर 2019 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हा महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या नावाने फेसबुकवर मतदार जागृतीच्या जाहिराती चालल्या होत्या. जुलै 2020 मध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते साकेत गोखले यांनी दाखवून दिलं, की त्या जाहिरातींखाली दिलेला मुंबईचा पत्ता एका जाहिरात कंपनीचा आहे, आणि भाजप युवा मोर्चाच्या आयटी विभागातल्या पदाधिकाऱ्याची कंपनीही तोच पत्ता वापरते. त्या पदाधिकाऱ्याने आरोप फेटाळले. माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी चौकशीची मागणी केली, केंद्रीय निवडणूक आयोगाने राज्याकडून अहवाल मागवला. निवडणूक कार्यालयाचं म्हणणं होतं, की एजन्सी राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत आली होती.

आता यात मत चोरलं, यादी बदलली असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. पण कामाची रचना बघा. आमच्या आयटीत हे रोज चालतं: क्लायंट एकाला काम देतो, तो दुसऱ्याला, आणि प्रत्यक्ष कोड लिहितो तिसराच. बँकेच्या ॲपमध्ये ते एक वेळ चालून जाईल. इथे मात्र क्लायंट म्हणजे मॅचचा अंपायर आहे! त्याची टोपी कोणी शिवून दिली हे दोन्ही संघांना आधीच कळलं पाहिजे. नऊ महिन्यांनी कोणीतरी पत्ता उकरून काढल्यावर नाही.

तो पत्ता सापडला कुठे? फेसबुकच्या ॲड लायब्ररीमुळे. ही तुम्हालाही उघडता येते, अकाउंट नसलं तरी. ब्राउझरमध्ये ‘मेटा ॲड लायब्ररी’ शोधा, देश भारत निवडा, प्रकारात निवडणूक आणि राजकारणाच्या जाहिराती घ्या, मग पेजचं नाव टाका. जाहिरातीचे पैसे कोणाच्या नावाने भरले, साधारण किती खर्च झाला, किती वेळा दिसली, कोणत्या वयाच्या लोकांना दिसली, सगळं येतं. या जाहिराती तिथे सात वर्षं राहतात. गुगल आणि यूट्यूबसाठीही ‘ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर’ आहे. एसएमएस असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाचा शेवट बघा. 2025 पासून सरकारी मेसेजच्या शेवटी इंग्रजी ‘जी’ अक्षर येतं. व्हॉट्सॲप फॉरवर्डला मात्र यातलं काहीच लागू नाही, तिथे आईबाप नसलेला मजकूर फिरतो.

बाहेरच्या कंपन्यांशी भागीदारी हा वेगळा मुद्दा. जुलै 2017 मध्ये आयोगाने फेसबुकसोबत मतदार नोंदणीची आठवण पाठवली होती, 13 भाषांत, मराठी धरून. त्यावर फार गदारोळ झाला नाही. त्याआधी जानेवारी 2014 मध्ये गुगलसोबत नोंदणी तपासण्याच्या सोयीची बोलणी झाली होती. मतदारांचा डेटा परदेशी कंपनीकडे जाईल अशी ओरड झाली आणि आयोगाने प्रस्ताव सोडून दिला. मला तो निर्णय पटतो. बोलणी आधीच कळली म्हणून तर आक्षेप वेळेत आला.

आणि कळलं नाही तर काय होतं, ते फेब्रुवारी 2025 मध्ये दिसलं. अमेरिकेच्या ‘डोज’ विभागाने भारतातल्या मतदानवाढीसाठीचे 2.1 कोटी डॉलर रद्द केल्याचं जाहीर केलं. लगेच 2012 चा जुना करार बाहेर निघाला: निवडणूक आयोग आणि अमेरिकेतली ‘आयएफईएस’ ही संस्था यांच्यातला, प्रशिक्षणासाठीचा. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी सांगितलं की त्यात पैशांचा संबंधच नव्हता. पुढे ऑगस्टमध्ये सरकारने राज्यसभेत अमेरिकी दूतावासाचं उत्तर मांडलं, की 2014 ते 2024 दरम्यान यासाठी असे पैसे आलेही नाहीत आणि दिलेही नाहीत. पण तोवर आमच्या फॅमिली ग्रुपवर काका लोकांचे निकाल लागून गेले होते. करार, सोबतीला एक ओळ ‘रक्कम: शून्य’, हे आयोगाच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर दिसलं असतं तर निम्मे फॉरवर्ड जागीच मेले असते.

ॲड लायब्ररी पैसे भरणाऱ्याचं नाव सांगते, कंत्राट नाही. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्यातल्या कार्यालयासाठी विषय एकच घ्या आणि 150 शब्दांत बसवा, नाहीतर तेवढ्यावरूनच परत येईल. आधी आयोग कोणता ते नक्की करा: लोकसभा-विधानसभेला केंद्रीय निवडणूक आयोग, तर नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला राज्य निवडणूक आयोग. दोन्ही पूर्ण वेगळ्या संस्था आहेत. बारामती-इंदापूरच्या नगरपरिषदेच्या जाहिरातीबद्दल दिल्लीला विचारून उपयोग नाही.

भावाने गेल्या आठवड्यात अर्ज लिहिला. पहिल्या खेपेला 340 शब्द झाले, त्यात अर्धं भाषण. मी कापून चार प्रश्न ठेवले: मतदार जागृतीचं काम कोणत्या एजन्सीला दिलं, निवड कशी झाली, किती रक्कम दिली, आणि त्या एजन्सीने काम पुढे कोणाला दिलं. चौथा प्रश्न काढू नका असं त्याला दोनदा बजावलंय.