जुन्या मोटारींच्या चाकांचे व शोभेच्या धातुभागांचे पुनर्रंगकाम

जुन्या मोटारींची चाके, हबकॅप, ग्रिल, बंपर आणि खिडक्यांभोवतीच्या शोभेच्या पट्ट्या स्वच्छ करून त्यांवर नव्याने रंग चढविण्याच्या प्रक्रियेला पुनर्रंगकाम म्हणतात. हा मोटारीच्या जीर्णोद्धाराचा एक भाग आहे. धातूचे गंजापासून रक्षण करणे आणि मूळ रूप परत आणणे हे त्याचे दोन प्रमुख हेतू होत. चाक हा वाहनाचा भार पेलणारा भाग असल्याने त्याच्या रंगकामाचा संबंध सुरक्षिततेशीही येतो.

पूर्वतयारी

रंगाचा टिकाऊपणा मुख्यतः पृष्ठभागाच्या तयारीवर अवलंबून असतो. तेल, ग्रीस व मेण आधी पुसून काढतात, कारण घासताना ते धातूच्या ओरखड्यांत शिरतात आणि रंग धरत नाही. त्यानंतर गंज व सुटलेले रंगाचे पापुद्रे पॉलिशपेपरने घासून किंवा बारीक कणांचा मारा करून काढले जातात. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल लावल्यास त्याचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. उघड्या पोलादावर लवकर गंज चढतो. म्हणून प्रायमर विनाविलंब लावावा लागतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असल्याने त्यासाठी एचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर वापरतात.

चाके

टायर उतरवून रिम वाकली आहे का, तिला तडे गेले आहेत का, हे रंगापूर्वी तपासले जाते. लांबी भरून तडा झाकणे धोकादायक असते. चाक हबवर टेकते ती बाजू आणि नटांच्या बैठका यांवर रंगाचा जाड थर देत नाहीत. असा थर दाबाखाली चेपला की नटांची पकड सैल होते व चाक निखळण्याची शक्यता निर्माण होते. पावडर कोटिंगमध्ये विद्युतभारित भुकटी साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सियस तापमानाला भाजतात. हा लेप कठीण असला तरी लाकडी आऱ्यांच्या चाकांना ही पद्धत चालत नाही. अतिरिक्त उष्णतेने काही मिश्रधातूंच्या चाकांची मजबुती घटू शकते.

क्रोमचे भाग

क्रोमच्या मुलाम्यात सामान्यतः निकेलच्या थरावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर असतो. गुळगुळीत क्रोमवर रंग नीट चिकटत नाही, म्हणून तो आधी खरखरीत करतात. मुलामा सुटला असल्यास तो घट्ट धातूपर्यंत काढावा लागतो. अन्यथा रंगाखाली गंज पसरत राहतो. चंदेरी रंगाला क्रोमसारखी आरशाची झळाळी येत नाही. त्यामुळे रंग हा नव्या मुलाम्याला कमी खर्चाचा पर्याय असला, तरी त्याची बरोबरी करीत नाही.

आरोग्यविषयक धोके

जुन्या रंगांत शिसे असू शकते. ते कोरडे घासल्यास विषारी धूळ उडते, म्हणून ओले घासणे अधिक सुरक्षित असते. वाळूच्या माऱ्यातील सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो. साधा कापडी मुखपट्टा त्यापासून संरक्षण देत नाही.

मूळ स्वरूपाचे जतन

जीर्णोद्धारापूर्वी हबकॅपखाली किंवा रिमच्या आतील बाजूस मूळ रंगाचा अंश शोधून त्याची नोंद केली जाते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी होण्यासाठी वाहन ५० वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात जतन केलेले असावे लागते. सुस्थितीतील मूळ रंग एकदा काढून टाकला की परत मिळत नाही. म्हणून असा रंग केवळ स्वच्छ करून राखण्याकडे अनेक संग्राहकांचा कल असतो.