बेटावरचा मुक्काम : खाट साधी चालेल, पण रुग्णालय किती तासांवर?

अंदमानच्या बोटींवर साठी ओलांडलेले मराठी प्रवासी पुष्कळ भेटतात. १९११ मध्ये सावरकरांना जिथे नेण्यात आले ते सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी पाहावे, ही अनेकांची जुनी इच्छा असते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, पाहून झाले की पावले पुढच्या बेटांकडे वळतात : हॅवलॉक (स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप). पूर्वी हा प्रवास बहुधा यात्रा कंपनीबरोबर होई. आता मुले-नातवंडे स्वतःच आखणी करतात आणि मुक्काम कधी कधी हॅवलॉकच्या गोविंदनगर किंवा विजयनगर किनाऱ्याजवळच्या एखाद्या साध्या हॉस्टेलमध्ये ठरतो. पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या तरुणांसाठी उभारलेली ही जागा. एकावर एक खाटा, सामाईक न्हाणीघर, नाहीतर बांबूची झोपडी आणि एक पंखा.

‘आईबाबांना हे झेपेल का, डॉक्टर?’ असे मुले विचारतात. खाटेची चिंता मी फारशी करीत नाही. आपल्या पिढीने लग्नघरी सतरंजीवर रात्री काढल्या आहेत. मी उलट विचारतो, ‘तिथून मोठे रुग्णालय किती तासांवर आहे?’

अंतर मैलांत नव्हे, तासांत

हॅवलॉकवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ताप, जुलाब, जखम यांवर तिथे उपचार होतात. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा खुब्याचे हाड मोडणे अशा प्रसंगी श्री विजयपुरमचे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय गाठावे लागते. खासगी जलद बोटीला सुमारे दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच. प्रवासी बोटी दिवसाच सुटतात आणि समुद्र खवळला की तेही होत नाही. हेलिकॉप्टर मिळणे हवामानावर आणि उपलब्धतेवर अवलंबून असते. याहून दूरच्या लिटल अंदमानला जहाजानेच कित्येक तास लागतात.

आता हे आकडे आजाराशेजारी ठेवून पाहा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन आवश्यक असतो. रात्री दहाला तोंड वाकडे झाले, तर पहाटेची पहिली बोट येईपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असते. बेटावर आजार तोच असतो, पण त्याच्यापुढचा वेळ आखडतो.

म्हणून गेल्या काही महिन्यांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांनी, चालताना छातीत दुखणाऱ्यांनी, डायलिसिसवर असलेल्यांनी, तसेच स्मृतिभ्रंशामुळे रात्री उठून बाहेर पडणाऱ्यांनी दूरच्या बेटावर मुक्काम करू नये. त्यांनी श्री विजयपुरम येथेच राहावे. सेल्युलर जेल तिथेच आहे आणि समोरचे रॉस बेट (नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) बोटीने काही मिनिटांवर आहे.

इतरांना मात्र केवळ वयाकडे बोट दाखवून अडवू नये. माझ्या एका सत्तरीच्या रुग्ण बाईंना मधुमेह आणि गुडघेदुखी होती. मुलगा नको म्हणत होता. साखर आटोक्यात होती, हृदय ठीक होते. आम्ही तिघांनी बसून एकेक गोष्ट तपासली आणि त्या गेल्या. परतल्यावर त्यांनी समुद्रापेक्षा अधिक वर्णन केले ते हॉस्टेलच्या ओसरीवर रात्री गप्पा मारणाऱ्या मुलामुलींचे. एकट्या राहणाऱ्या माणसाला अशी संगत औषधासारखी लागू पडते.

काळोखातली दहा पावले

अंदमान देशाच्या पूर्वेला, पण घड्याळ आपलेच. त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्र लांब, वीज मधूनच जाणारी आणि न्हाणीघर अंगणापलीकडे. पडण्याचा धोका तिथे असतो. खालचीच खाट मागून घ्यावी. शौचालय भारतीय पद्धतीचे आहे की कमोड, हे आधी विचारावे. उशाशी बॅटरी, पायात न घसरणाऱ्या चपला आणि रात्री लघवीला उठताना सोबतीला कोणीतरी, एवढे पथ्य पाळावे. मच्छरदाणी सोबत न्यावी.

घाम, उलट्या आणि शहाळे

दमट हवेत घाम भरपूर येतो, पण वृद्धांना तहान उशिरा जाणवते. तासातासाला थोडे पाणी प्यावे; ते उकळलेले किंवा बाटलीबंद असावे. हृदयविकारात किंवा मूत्रपिंडविकारात डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर त्यांना आधी विचारावे. जुलाब-उलट्या झाल्यास लघवीची गोळी आणि मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, कारण बेटावर फोन लागेलच असे नाही.

शहाळे तिथे मुबलक मिळते आणि ते निरुपद्रवी वाटते. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी दिवसाला किती चालेल हे विचारून घ्यावे.

गोळ्यांची पिशवी

बोट लागू नये म्हणून प्रोमेथाझीनसारखी गोळी सर्रास दिली जाते. वृद्धांमध्ये तिने गुंगी येते, कधी भ्रम होतो. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत ती घातक ठरते. शेजारच्या प्रवाशाने दिली म्हणून ती घेऊ नये.

मुक्कामापेक्षा पाच दिवसांची जादा औषधे न्यावीत आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवावीत. वापरात असलेले इन्सुलिन तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. ते उन्हात किंवा थेट बर्फावर ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेले मडके पुरते. बाटली मात्र कोरड्या पिशवीत असावी. मधुमेह्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. बधिर पायाला प्रवाळाची जखम कळत नाही आणि ती लवकर चिघळते.

परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला, तर ‘आम्ही अंदमानला गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हिवताप आणि लेप्टोस्पायरोसिस हे दोन्ही आजार तिथे आढळतात. त्यांचे निदान लवकर झाले तर उपचार सोपे असतात.

आरक्षणापूर्वीचा एक फोन

हॉस्टेलच्या चालकाला चार प्रश्न विचारावेत : आरोग्य केंद्र किती दूर आहे, रात्री वाहन मिळेल का, खालची खाट आणि जवळचे न्हाणीघर मिळेल का, वीज गेल्यास सोय काय? समाधानकारक उत्तरे मिळाली आणि आपल्या डॉक्टरांनी प्रकृती तपासून संमती दिली, तर जानेवारी ते एप्रिल या शांत समुद्राच्या काळात अवश्य जावे. उत्तरे मिळाली नाहीत, तर बेट तेच ठेवावे आणि मुक्काम बदलावा.