तारण मिळालं, पण ते टिकतं का?

या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कोणत्या मंडळीत बसून विचारता त्यावर ठरतं. 1831मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची मुळं कॅल्व्हिनच्या परंपरेतली. डॉर्टच्या धर्मसभेने (1618–19) तिची भूमिका पक्की केली होती : देवाने निवडलेले लोक अडखळतील, मोठी पापंही करतील, पण कायमचे गळून पडणार नाहीत. आधार योहान 10:28चा. मेथडिस्ट मंडळी इब्री 6:4–6 पुढे करतात : विश्वास सोडता येतो, तारण गमावताही येतं. (दोन्ही उतारे एकाच बायबलात आहेत, हीच तर अडचण.) श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला मतमाउलीच्या (मरियेच्या) यात्रेला जाणाऱ्या कॅथलिकांची शिकवण तिसरी. ट्रेंटच्या परिषदेनुसार (1545–63) खास प्रकटीकरणाशिवाय ‘मी शेवटपर्यंत टिकणारच’ अशी निःशंक खात्री कुणी बाळगू नये. देवाच्या साहाय्यावरची आशा मात्र भक्कम हवी.

टिकण्याचा हा प्रश्न एका घराच्या गोष्टीतही दिसतो. कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते नगरला मिशनच्या कामात रुजू झाले. पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900मध्ये, स्वतःचं मन वळल्यावर. 1917च्या सुमारास टिळक मिशनपासून वेगळे झाले, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडण्यासाठी. संस्था सोडणं म्हणजे विश्वास सोडणं, असं मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. 1919मध्ये टिळक वारले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.