बारा-तेरा वर्षांच्या मुलांस काय वाचावयास द्यावें?

परीक्षा आटोपल्या आणि मुलें दिवसभर घरांत दिसूं लागलीं, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो: ह्यांना वाचावयास द्यावें तरी काय? आजोबा कपाटांतून आपल्या तरुणपणची कादंबरी काढतात, आई 'श्यामची आई' पुढें करते, आणि चिरंजीव दोन पानें चाळून तें पुस्तक उशाशीं पालथें घालून ठेवतात. मग 'हल्लींच्या मुलांना वाचनाची आवड म्हणून नाहींच' असा निकाल सर्वानुमतें लागतो. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. अकरा ते चौदा ह्या वयांत भूक मोठी असते. चुकतें तें वाढणाराचें.

पहिली चूक ही, कीं आपण पुस्तक औषधासारखें देतों. 'श्यामची आई'चेंच पाहा. साने गुरुजींनीं तें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या पांच दिवसांत लिहिलें व १९३५ मध्यें तें छापून निघालें. त्यांतील प्रकरणांस त्यांनीं 'रात्र' असें नांव दिलें आहे. दिवसाचीं कामें आटोपल्यावर मंडळी जमावी आणि श्यामनें एकेक आठवण सांगावी, अशी त्याची मांडणी. म्हणजे पुस्तक मूळचें ऐकावयाचें आहे. जेवणें झाल्यावर घरांतल्या कोणीं तरी एक रात्र मोठ्यानें वाचावी, आणि दुसरीसाठीं कितीही आर्जवें झालीं तरी पुस्तक मिटावें. आणि कृपा करून 'ह्यावरून तूं काय शिकलास?' असें मात्र विचारूं नये. एवढ्या एका प्रश्नानें किती वाचक दुरावले असतील कोण जाणे!

'मुलांसाठीं' असें वर छापलेलें नसेल तें पुस्तक मुलांचें नव्हे, ही दुसरी समजूत. विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' घ्या. वरसईचा हा गरीब भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असें ऐकून १८५७ सालीं तो चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघतो आणि ऐन धामधुमींत सांपडतो. १८५८ मध्यें झांशीस वेढा पडला तेव्हां तो गांवांतच होता. तोफा, लूट, कत्तल हें सारें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. अखेर द्रव्याची आशा विरून जाते, आणि आईबापांच्या स्नानासाठीं गंगेची कावड तेवढी खांद्यावर घेऊन तो घरीं परततो. गंमत अशी कीं ह्या गोष्टीचा नायक शूर नाहीं. तो भितो, उपाशी राहतो आणि तशांतही दक्षिणेचा हिशेब विसरत नाहीं. म्हणूनच मुलांचा त्याच्यावर विश्वास बसतो. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं हें पुस्तक प्रसिद्ध केलें तें बरेंच संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें तें पुन्हां संपादिलें. मूळांतला कांहीं मजकूर प्रौढांचाच आहे. तेव्हां वडील माणसानें आधीं वाचावें आणि झांशीचीं प्रकरणें मुलांच्या हातीं अखंड द्यावीं.

'अखंड' हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे. बाजारांत संक्षिप्त आवृत्त्या पुष्कळ मिळतात. महाभारतासारख्या ग्रंथाची गोष्ट सोपी करून सांगणें वेगळें. ती चाल आपल्याकडे पुराणिकांपासून आहे. पण हरिभाऊंची किंवा लक्ष्मीबाईंची भाषाच काढून टाकली तर उरतें काय? सबंध पुस्तक झेपत नसेल तर एकच प्रकरण द्यावें, परंतु तें लेखकाच्या शब्दांत.

आतां अवघड गोष्टीकडे वळतों. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' पत्रांत क्रमशः येऊं लागली. तिच्या आरंभीं बोलते ती लहानगी यमू. तिचा भाऊ, तिची आई, वडिलांचा धाक, घरांतले रुसवेफुगवे. बारा वर्षांच्या मुलीस ह्यांत परकें असें कांहींच वाटत नाहीं. पुढें लग्न, मुंबईचे सुखाचे दिवस, वैधव्य, आणि अखेर कपटानें झालेलें केशवपन. येथेंच घरांतलीं वडील माणसें म्हणतात, 'हें मुलांना कशाला?' लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'बद्दलही हीच कुरकुर ऐकूं येते. त्यांत वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आहे आणि १८९५ सालीं पतीनें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्या वांट्यास आलेला वनवासही आहे.

आम्हांस ही कुरकुर समजते. ह्या पुस्तकांत दोषी ठरतें तें आपलेंच माजघर. तरी देखील तीं द्यावीं असेंच आमचें मत आहे. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत तेरा वर्षांच्या नातीनें यमूची कथा वाचली आणि रात्रीं पानावरच आजींस विचारलें, 'आपल्या घरीं असें कुणाचें झालें होतें का हो?' पंक्तींत शांतता पसरली. आजींनीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांनीं ट्रंकेंतून एक तसबीर काढली. आलवण नेसलेल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेल्या आपल्या आत्याबाईंची. लहानपणीं त्या आत्याबाईंच्याच हातचा भात खाऊन आजी शाळेंत जात. त्यांचें नांवसुद्धां त्या घरांतल्या पुढच्या दोन पिढ्यांस ठाऊक नव्हतें.

सारींच पुस्तकें अशीं भारी नकोत. ताम्हनकरांचा 'गोट्या', चिं. वि. जोश्यांचे चिमणराव, व्यंकटेश माडगूळकरांचीं 'माणदेशी माणसं' हीं कपाटाच्या खालच्या फळीवर, हात पोंचेल अशीं ठेवावीं आणि त्यांविषयीं कांहींच बोलूं नये. मुलें इंग्रजी शाळेंत जात असलीं तर जुनें मराठी पहिलीं दहा पानें अडतें. तीं दहा पानें आपण वाचून दाखवावीं. फळताळ म्हणजे काय, पडवी कोणती, हें सांगणारें माणूस ज्या घरांत आहे, त्या घरास शब्दकोशाची घाई नाहीं.

वर सांगितलेल्या घरीं सध्यां 'स्मृतिचित्रें' चालू आहे. नातीनें पहिला भाग संपविला, तोंच आजींनीं पुस्तक आपल्याकडे मागून घेतलें. चौथा भाग संपेपर्यंत तें परत मिळणार नाहीं, असें तिला बजावण्यांत आलें आहे.