जस्त घटलं की भूक का जाते?

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या आहारातून जस्त, म्हणजे झिंक, काढून घेतलं की तीन ते पाच दिवसांतच त्यांचं खाणं घटतं. तेही सरळ घटत नाही. एक-दोन दिवस बरं खातात, मग तोंड फिरवतात, पुन्हा खातात. हा फेरा साधारण तीन-चार दिवसांचा. भूक चाळवणारं न्यूरोपेप्टाइड-वाय मेंदूत कमी नसतं, उलट वाढलेलं आढळतं. पण त्याचा परिणाम होत नाही.

शरीरात जस्ताचा वेगळा साठा नसतो. खाणं थांबलं की स्नायू झिजतात आणि त्यांतलं जस्त सुटून इतर पेशींना मिळतं. तोच जस्तहीन आहार नळीने पोटात ढकलला तर उंदीर लवकर आजारी पडतात. म्हणजे ही अरुची बहुधा शरीराचा बचावच असावा.

डुकरांची गोष्ट आणखी बोलकी आहे. कातडीवर खपल्या, खुंटलेली वाढ, मंदावलेली भूक. अमेरिकेत टकर आणि सॅमन यांनी 1955 मध्ये हा आजार जस्त देऊन बरा करून दाखवला. गंमत अशी, की खाद्यात जस्त होतं! मका-सोयाबीनमधलं फायटेट आणि वरून घातलेलं कॅल्शियम ते आतड्यात अडकवून ठेवत होतं.