सुगंधाचा सौदागर आणि द्वेषाचे दुकान

लग्नसराई आली की घराघरांतून सेंटच्या बाटल्या बाहेर निघतात. नवरदेवाच्या रुमालाला, पाहुण्यांच्या मनगटाला थोडे थोडे लावले जाते आणि बाटली पुन्हा कपाटात जाते. ही बाटली सामान्य माणसाच्या कपाटापर्यंत आली कशी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही त्याच्या मागे लागलो आणि फ्रान्समधल्या एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव फ्रान्स्वा कोती. त्याचे सर्वांत गाजलेले अत्तर आज कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्याची कहाणी मात्र आपल्या वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये ग्रास नावाचे गाव आहे. अत्तरधंद्याचे ते माहेरघर. तेथे गुलाब आणि चमेलीचे मळे होते. चमेली पहाटेच तोडावी लागे, कारण ऊन चढले की वास उडतो. तोडणाऱ्या बहुतेक बायका; त्यांत पोटासाठी इटलीतून आलेल्या मजूर स्त्रियाही पुष्कळ. मजुरी वजनावर. फूल इतके हलके की एक किलो भरायला आठ ते दहा हजार फुले लागत. गुलाबाचे एक किलो तेल काढायचे तर तीन-चार हजार किलो पाकळ्या हव्यात. अशा तेलाची बाटली कोणाच्या घरी जात असेल हे सांगायला नको. बाटलीवर नाव अत्तरवाल्याचे. फूल तोडणारीचे नाव इतिहासात कोठेच नाही.

मग रसायनशास्त्र मदतीला आले. १८६८ साली विल्यम पर्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने कूमारिन हा वाळल्या गवतासारखा वास असलेला पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला. १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगाँ पेढीच्या पॉल पार्के याने तो वापरून ‘फुजेर रॉयाल’ हे अत्तर काढले. व्हॅनिलाचा, व्हायोलेटच्या फुलाचा वासही कारखान्यात बनू लागला. वास स्वस्त होऊ शकतो हे आता सिद्ध झाले होते. पण तो स्वस्त विकण्याची बुद्धी अजून कोणाला झाली नव्हती.

ती कोतीला झाली. कोर्सिका बेटावरचे आजाक्सिओ हे नेपोलियनचे जन्मगाव. तेथेच १८७४ साली हा जन्मला. मूळ नाव स्पोतुर्नो. आईबाप लहानपणीच गेले, पणजीने आणि आजीने वाढवले. पॅरिसला येऊन तो एका कोर्सिकन राजकारण्याचा चिटणीस झाला. ओळखीच्या एका औषधविक्रेत्याच्या दुकानात त्याला अत्तर मिसळण्याचा नाद लागला. मग ग्रासला जाऊन शिरीस यांच्या कारखान्यात तो धंदा शिकला. आईच्या घराण्याचे ‘कोती’ हे नाव त्याने बाटलीसाठी घेतले. (मराठीत ‘कोती मनोवृत्ती’ म्हणतात त्याच्याशी या नावाचा काही संबंध नाही, पण पुढची हकीकत वाचताना वाचकांना तो शब्द आठवल्यावाचून राहणार नाही.)

१९०४ साली त्याने ‘रोझ जाकमिनो’ हे अत्तर आणले. पॅरिसच्या एका मोठ्या दुकानाने ते घ्यायचे नाकारले, तेव्हा बाटली तेथेच फरशीवर फुटली, वास दरवळला आणि गिऱ्हाइकांनी गराडा घातला, अशी गोष्ट सांगतात. बाटली हातून निसटली की त्याने मुद्दाम फोडली यावर आजही चर्चा चालते. आमचे मत विचाराल तर एवढा हिशेबी माणूस बाटली उगाच पडू देणार नाही.

कोतीचा हिशेब सरळ होता. महागडी बाटली श्रीमंतांना, आणि तोच वास लहान शिशीत, पावडरीत बाकीच्यांना. रने लालिक या नामवंत कारागिराकडून त्याने बाटल्यांचे नमुने करून घेतले आणि त्या साच्यातून हजारोंनी काढल्या. पॅरिसजवळ सुरेन येथे त्याने अत्तरांचा मोठा कारखाना उभा केला. दुकानात काम करणारी मुलगी, कारकुनाची बायको, यांच्या हाती पहिल्यांदाच देखणी बाटली आली.

या गोष्टीला कोणी क्षुल्लक म्हणू नये. कोणी काय नेसावे, कोणता दागिना घालावा, यावर जातीने बंदी घातलेली आपल्या आज्या-पणज्यांनी सोसली आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे दागिने का टाकावेत, हे मुद्दाम सांगितले. अंगावरच्या वस्तूंतून माणसाची पायरी दाखवली जाते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून फ्रान्समधल्या गरीब मुलीच्या हातातल्या लहान शिशीचे मोल आपल्याला चटकन कळते.

१९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, कोतीने ‘शीप्र’ काढले. शीप्र म्हणजे सायप्रस बेट. वर बर्गमोट या लिंबाच्या जातीच्या फळाचा तजेला, मध्ये चमेली, तळाला लॅब्डेनम हा झुडपाचा डिंक आणि ओकच्या झाडावर वाढणारे दगडफुलासारखे शेवाळ. पावसानंतरच्या रानासारखा ओलसर, काहीसा कडवट असा तो वास. गेर्लँ पेढीचे १९१९ चे ‘मित्सुको’ त्याच वाटेने गेले आणि पुढे या तऱ्हेच्या सर्व अत्तरांना ‘शीप्र’ हेच कुळनाव मिळाले. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिक घरी जाताना कोतीच्या बाटल्या घेऊन गेले, अमेरिकेची बाजारपेठ उघडली आणि कोती फ्रान्सच्या सर्वांत धनवान माणसांपैकी एक झाला.

आता खर्चाची बाजू. १९२२ साली त्याने ‘फिगारो’ हे पॅरिसचे जुने दैनिक ताब्यात घेतले. १९२८ मध्ये स्वतःचे नवे दैनिक काढले. नाव ‘लामी द्यू पप्ल’, म्हणजे ‘जनतेचा मित्र’. राज्यक्रांतीच्या काळात मारा या क्रांतिकारकाच्या पत्राचे हेच नाव होते. इतर दैनिके २५ सांतीमना मिळत, हे १० सांतीमना. तीच अत्तराची युक्ती: देखणे नाव, कमी किंमत, प्रचंड खप. आणि त्यातून विकले काय, तर ज्यूंचा द्वेष, परकीयांचा द्वेष, लोकशाहीचा तिटकारा. फ्रान्सच्या फॅसिस्ट वळणाच्या संघटनांना त्याने पैसा पुरवला. १९३३ मध्ये ‘सॉलिदारिते फ्रान्सेज’ ही स्वतःची संघटना उभी केली. ६ फेब्रुवारी १९३४ रोजी पॅरिसमध्ये संसदेवर चालून गेलेल्या जमावात तिचे लोक होते. ज्या देशाने स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपल्या सरकारी इमारतींवर कोरले, त्याच देशातले हे प्रकरण.

१९२० साली शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांवर ‘मूकनायक’ उभे राहिले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना कोतीच्या पत्रांवर ओतलेल्या लाखो फ्रँकांचा अर्थ आम्ही समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास जागतिक मंदी आली. १९२९ मध्ये पत्नी इव्होनशी घटस्फोट झाला. न्यायालयाने तिला द्यायची जी मोठी रक्कम ठरवली ती त्याला फेडता आली नाही. ‘फिगारो’ हातचा गेला, मालमत्ता गेली. २५ जुलै १९३४ रोजी लुव्हसिएन येथे तो मरण पावला. पेरलेले विष मात्र राहिले. १९४० मध्ये विशी सरकारने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि १९४२ पासून फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यू आगगाड्यांत कोंबून छळछावण्यांकडे पाठवले गेले. बहुतेक परत आले नाहीत.

अत्तरधंद्यातही ही झळ पोहोचली. ज्या १९०४ साली कोतीने सुरुवात केली त्याच साली एर्नेस्त दाल्त्रॉफ याने ‘कारों’ ही पेढी सुरू केली होती. १९१९ चे त्याचे ‘ताबा ब्लाँ’ सिगारेट ओढणाऱ्या नव्या धीट स्त्रीसाठी होते. कोतीच्या तोडीचा कलावंत, पण ज्यू कुळातला. त्याला देश सोडावा लागला आणि १९४१ मध्ये परदेशातच त्याचा अंत झाला.

कोतीची कंपनी १९६३ साली फायझर या अमेरिकन औषध कंपनीने विकत घेतली. ‘शीप्र’ बंद पडले, ऐंशीच्या दशकात थोडे दिवस परतले आणि पुन्हा गेले. जुन्या रीतीने ते आता युरोपात विकताही येणार नाही. त्यातल्या शेवाळात त्वचेला अपाय करणारी ॲट्रेनॉल आणि क्लोरोॲट्रेनॉल ही द्रव्ये असतात आणि युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने ती सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केली. ज्यांना तो वास घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी एक जागा आहे. १९९० साली व्हर्साय येथे जाँ केर्लेओ आणि त्याच्या सहकारी अत्तरकारांनी ‘ऑस्मोतेक’ हे वासांचे संग्रहालय उघडले. बंद पडलेली शेकडो अत्तरे जुन्या कृतींवरून पुन्हा बनवून तेथे १२ अंश तापमानात, अंधारात, हवा लागू नये म्हणून आर्गन वायूखाली जपली आहेत. कोतीचे ‘शीप्र’ त्यांत आहे. कागदाची एक पट्टी त्यात बुडवून पाहुण्याच्या हाती देतात. बाटली विकत मिळत नाही.