चुकलेलें उत्तर

एका पोळीचे चार तुकडे केले म्हणून पोळी वाढत नाहीं, हें प्रौढ माणसास इतकें उघड वाटतें कीं, तें आपणांस कधीं काळीं समजत नव्हतें अशी शंकाही त्याला येत नाहीं. परंतु चार वर्षांच्या मुलाला पुष्कळदां तुकडे केलेली पोळीच अधिक वाटते. थोरला भाऊ त्याला चिडवतो, आणि घरांतील एखादें वडील माणूस ‘पोर मठ्ठ दिसतें’ असा निकाल देऊन मोकळें होतें. ह्या निकालांत मोठा अन्याय आहे. कारण असें उत्तर हें मंदपणाचें नव्हे, तर वाढीच्या एका पायरीचें लक्षण असतें.

फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमों यांनीं १९०५ सालीं मुलांची बुद्धि मोजण्याची श्रेणी तयार केली. कोणत्या वयाचें मूल कोणत्या प्रश्नांचीं उत्तरें बरोबर देतें, यावर तिची उभारणी होती. १९१९ नंतर पॅरिस येथें अशाच कसोट्यांचें काम करीत असतां स्वित्झर्लंडचे झां पियाजे (१८९६–१९८०) यांचें लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांकडे गेलें. एका वयाचीं मुलें बहुधा एकाच तऱ्हेनें चुकतात, असें त्यांस आढळलें. जी चूक अनेकांची सारखी, तिच्यामागें कांहींतरी विचार असलाच पाहिजे.

त्यांचा एक प्रयोग घरीं करून पाहण्याजोगा आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखें पाणी घ्यावें. मुलानें ‘दोन्हींकडे सारखें आहे’ असें म्हटल्यावर त्याच्यादेखत एका पेल्यांतील पाणी अरुंद, उंच भांड्यांत ओतावें. पांच वर्षांचें मूल बहुधा सांगतें कीं, उंच भांड्यांत पाणी जास्त आहे. त्याची नजर उंचीवर खिळते. त्याच वेळीं रुंदी कमी झाली, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. सातव्या वर्षाच्या सुमारास तेंच मूल म्हणतें, ‘पाणी तेंच, नुसतें ओतलें!’

पुढें ह्या शोधाला एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली. जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनीं १९७४ सालीं वस्तूंच्या दोन सारख्या रांगा मांडून असाच प्रयोग केला. एक रांग मोठ्या माणसानें हलविली तेव्हां पुष्कळ मुलें चुकलीं. पण खेळण्यांतल्या खोडकर अस्वलानें ती विसकटल्याचें दाखवितांच कितीतरी अधिक मुलांनीं बरोबर उत्तर दिलें. मोठ्या माणसानें मुद्दाम कांहीं बदललें आणि तोच प्रश्न पुन्हां विचारला, म्हणजे उत्तरही बदलावयास हवें, असा मुलांचा समज होत असावा. तेव्हां चूक कधीं समजुतीची असते, तर कधीं विचारण्याच्या रीतीची.

म्हणून चुकलेलें उत्तर ऐकतांच ‘चूक!’ म्हणून दटावण्याऐवजीं ‘तुला असें कां वाटलें?’ हें शांतपणें विचारावें. बरोबर वाक्य पाठ करवून घेतल्यानें शब्द येतात, समज येत नाहीं. त्यापेक्षां मुलाला पाणी ओतूं द्यावें, वाटीनें तांदूळ मोजूं द्यावेत, भावंडांत लाडू वांटूं द्यावेत. बोलणें, ऐकणें, चालणें यांतच तें बरोबरीच्या मुलांच्या मागें पडत असेल, तर वेळ न दवडतां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. परंतु उंच पेल्यांतील पाणी जास्त म्हणणाऱ्या मुलाची चिंता करण्याचें कारण नाहीं. त्याला मठ्ठ म्हटलें, तर तें पाण्याविषयीं कांहींच शिकत नाहीं. आपण मठ्ठ आहों, एवढें मात्र शिकतें.